शेजारचा एक

अश्केलोन
१२ नोव्हेंबर १९९८

स्मिताबाई, शालोम आणि आशीर्वाद.

ओळख पटावी म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे मलिदा होता, तेव्हा तुम्ही आणि तुमचे यजमान रविकांत हैफाहून आला होता. एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू लोक, गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे वाटतो, ते ताट तुमच्या हाती देऊन "पोरी, आणखी घे" म्हणणारा म्हातारा तो मी. तुम्ही दोनदा घेतलेत आणि मग खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलात. अडुसष्ट साली इथे आलो तेव्हा मीही बरेच दिवस खिडकीकडेच तोंड करून होतो.

त्या दिवशी बोलता बोलता कळले की तुम्ही गणितात एम.एस्सी. आहात आणि पुण्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवीत होता. इथे व्हिसामुळे नोकरी करता येत नाही, नवरा सकाळी प्रयोगशाळेत जातो तो दिवेलागणीला येतो, हेही कळले. म्हणून हे पत्र.

माझी एक नात आहे, नाव हिला, ती हैफालाच वसतिगृहात राहते. लष्कराची सेवा संपवून ती आता मेखिना करते आहे, म्हणजे विद्यापीठाच्या आधीचा तयारीचा वर्ग. इंजिनिअर व्हायचे आहे. तिचा बाप यिशाय, माझा मुलगा, एलात शहरात एका हॉटेलात नोकरीला असतो. सणावाराला फोन करतो. तिची आई दुसरे लग्न करून गेली. पोरीला मी आणि माझी बायको रिबेका, आम्हीच वाढवले. रिबेका मागल्या वर्षी वसंतातल्या पेसाहच्या सणाआधी वारली.

हिलाला विकलन येते, साधे संकलनही येते. पण दोन फंक्शनांचा गुणाकार आला की घोडे अडते. एकेकाला ती ओळखते, दोघे हातात हात घालून आले की गांगरते. मी भायखळ्याला दिवसा शाळेत आणि संध्याकाळी इंटर सायन्सच्या मुलांना हेच शिकवीत असे. इथे हिब्रूत शिकवणे काही जमले नाही, नगरपालिकेच्या भांडारात नोकरी केली आणि निवृत्त झालो. आता नातीला शिकवायला जातो तर आमचे भांडण होते. तिचा एक हट्ट आहे. तो सांगत नाही, तुम्हाला कळेलच.

आठवड्यातून एकदा तिला घेऊन बसाल का? गणिते मी पाठवीन, तुम्ही सोडवून घ्या, तपासायला मला पाठवा. फोनवर गणित होत नाही. आणि खरे सांगायचे तर मराठीत पत्र लिहायला आता मला कुणी उरलेले नाही. एवढा माझा स्वार्थ.

आपला,
मोर्देखाय थळकर


हैफा
२५ नोव्हेंबर १९९८

ती. मोर्देखायकाका, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पेटीत दिसलं तेव्हा मी जिन्यातच उघडलं. वरच्या मजल्यावरच्या ओर्नाबाई हिब्रूत काहीतरी विचारत होत्या, बहुधा वाईट बातमी आहे का असं. मी हसून मान हलवली. मला इथे तेवढंच येतं.

हिला मंगळवारी आली. उंच आहे, सांगितलं नाहीत तुम्ही. चपला काढू का विचारलं नाही, काढून आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "भाजी?" मी म्हटलं, हो, वांग्याची. तिला मराठी येतं ते "बस", "जेव", "झोप", "भाजी खा", एवढंच. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, मग दोघी इंग्रजीत येऊन टेकतो.

मी विचारलं, यातलं पहिलं फंक्शन कुठलं आणि दुसरं कुठलं? ती बघतच राहिली. इथे ते u आणि v लिहितात. मग मी आपला पाढा म्हणून दाखवला: पहिलं तसंच, दुसऱ्याचं संकलन, वजा, पहिल्याचं विकलन गुणिले दुसऱ्याचं संकलन, त्या सगळ्याचं पुन्हा संकलन. ती म्हणाली, "सबा हेच म्हणतो. स्वयंपाक करताना म्हणतो." सबा म्हणजे आजोबा हे मला त्या दिवशी कळलं.

x eˣ तिने सोडवलं. बरोबर आलं. पुढची गणितं पाठवा. मंगळवारी मी आता आधीपासून वांगी आणून ठेवते.

तुमची,
स्मिता


अश्केलोन
६ डिसेंबर १९९८

स्मिताबाई, आशीर्वाद.

स्वयंपाक करताना मी ते म्हणतो हे खोटे आहे. भांडी घासताना म्हणतो.

सोबत x² sin x पाठवतो आहे. यात तेच सूत्र दोनदा वापरावे लागते. पहिल्या फेरीत x² चा 2x होतो, दुसरीत 2x चा नुसता 2 उरतो आणि मग सुटका होते. माझ्या मुलांना मी सांगत असे, पहिले म्हणून असे निवडा जे विकलन करता करता झिजत जाईल. आणि एकदा निवडलेत की दुसऱ्या फेरीत पक्ष बदलू नका.

शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेलो की हिलाच्या अभ्यासाचे विचारतात. मी जरा मिरवतो. आमच्या शेजारचा दोव म्हणाला, प्रवेश मिळू दे, मग बोल. मी भर सिनेगॉगात सांगून टाकले, हिला इंजिनिअरिंगला लागली की एलियाहू हानाबीचा मलिदा करीन, सगळ्यांनी यायचे. रिबेका असती तर बाहेर येऊन मला झापले असते. ती म्हणायची, तुम्ही पोरीला बोलू देत नाही, आधी जगाला सांगून मोकळे होता.

मोर्देखाय थळकर


हैफा
३ जानेवारी १९९९

ती. काका, सा. न.

हिलाचा कागद सोबत आहे. बघा आणि रागावू नका. पहिली फेरी सुरेख केली. दुसऱ्या फेरीत तिने पक्ष बदलला, cos x ला पहिलं केलं आणि 2x ला दुसरं. पानभर गणित करून खाली बघते तर x² sin x जसंच्या तसं, जिथून निघाली तिथेच परत. ती कागदाकडे बघून खूप हसली. मग म्हणाली, "मी हेच करते आहे, स्मिता. लष्करात गेले, आले, इथे आले. सगळं करून परत तिथेच."

मी तिला जेवायला थांबवलं.

स्मिता


अश्केलोन
२५ जानेवारी १९९९

स्मिताबाई, आशीर्वाद.

कागद बघितला. रागावलो नाही. हिलाची चूक अशीच असते. चिन्हे, अंक, कंस, सगळे शाबूत, आणि वाटच चुकलेली. दहापैकी तीन दिले आहेत, तिला सांगा.

ती जे म्हणाली तेही वाचले. पोरी या वयात असे बोलतात. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ सुरू होण्याआधी, तिचा फोन येतो. "बेसेदेर, सबा," म्हणते, म्हणजे सगळे ठीक. यायचे म्हटले की परीक्षा पुढे करते. ठीक आहे, परीक्षाच महत्त्वाची.

आता पुढचे गणित फक्त log x. एवढेच. गुणाकार दिसत नाही ना? तुम्हाला ठाऊक आहे काय करायचे ते. तिला करू द्या.

मोर्देखाय थळकर


हैफा
९ फेब्रुवारी १९९९

ती. काका, सा. न.

उशिराबद्दल माफ करा. हिलाच्या वर्गात चाचण्या चालू होत्या, तिला वेळ नव्हता. पण log x सोडवलंय तिने, कागद सोबत आहे. एकट्या log x चं संकलन होत नाही, म्हणून शेजारी 1 आहे असं मानायचं, log x पहिलं आणि 1 दुसरं, हे मी सांगताच तिच्या लक्षात आलं. x log x − x हे उत्तर बरोबर आहे. तब्येत चांगली आहे तिची. सर्दी झाली होती, ती बरी आहे. थंडी आहे इथे, पण ती जाड स्वेटर घालते. जेवणही नीट आहे.

पुढचं गणित पाठवा.

स्मिता


हैफा
१० फेब्रुवारी १९९९

प्रिय ईशानी,

ताई म्हणून तू मला ओरडणार आहेस, तर आधीच ओरडून घे.

तुला लिहिलं होतं ना, एक आजोबा आहेत आणि त्यांच्या नातीला मी गणित शिकवते? ती नात गेली. जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी पाठीवर तिच्याएवढी पिशवी घेऊन दारात उभी. मेखिना सोडली म्हणाली. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, भारतात. लष्करातून सुटलेली इथली मुलं जातात तशी. मी म्हटलं, आजोबांना सांग. तर रडायला लागली. "सबाने सगळ्या लोकांना सांगितलंय. मलिदा बोललाय. मी त्याला काय सांगू? पेसाहपर्यंत थांब, मी स्वतः सांगेन." मी शब्द दिला. दारात ती मला मिठी मारून म्हणाली, "जेव." निरोपाचा मराठी शब्द तिला माहीत नाही.

आणि मग आजोबांचं पत्र आलं, त्यात log x. मी आठवडाभर ते टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत होते. मग काल सोडवलं. तिच्या अक्षरासारखं तिरकं अक्षर काढून, कोपऱ्यात तिचं नाव हिब्रूत रेखून. पाकिटात घालून टाकून आले.

तू म्हणशील, शब्द पाळायला खोटा कागद कशाला? नुसतं "ती बिझी आहे" लिहायचं. तेही खरंय. पण तसं लिहिलं असतं तर पत्रं थांबली असती. रविकांत घरी येतो तेव्हा दमलेला असतो, त्याचा दोष नाही. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नाही, ईशानी. पंधरा दिवसांनी एकदा एक म्हातारा माणूस मला विचारतो की पहिलं फंक्शन कुठलं, आणि मला वाटतं की मी अजून कुणीतरी आहे.

ती माझ्या देशात फिरते आहे आणि मी तिच्या देशात तिच्या जागी बसून तिची गणितं सोडवते आहे. मला तिचा हेवा वाटतो. रागही येतो. घरी काही बोलू नकोस.

तुझी,
स्मिता


अश्केलोन
२० फेब्रुवारी १९९९

स्मिताबाई, आशीर्वाद.

log x चा कागद मिळाला. दहापैकी दहा. फार नीटनेटका आहे. दोनतीनदा बघितला.

पुढचे x² cos x. हवापाणी, जेवणखाण, काय सुचेल ते लिहा. तुमचेसुद्धा. कागदाची घाई नाही, पण पत्राची आहे.

मोर्देखाय थळकर


हैफा
१४ मार्च १९९९

ती. काका, सा. न.

x² cos x सोबत आहे. या वेळी हिला दुसऱ्या फेरीत उणे चिन्ह विसरली. मी मुद्दाम दुरुस्त केलं नाही, तुम्हीच करा.

माझं विचारलंत म्हणून सांगते. ओर्नाबाईंनी मला शूकला नेलं होतं, म्हणजे बाजारात. त्या हिब्रूत बोलत होत्या, मी मराठीत. कोथिंबीर दोघींनी एकच घेतली. येताना डोंगरावरून खाली बंदर दिसतं, मोठी जहाजं उभी असतात. मी रोज बघते कुठलं निघालं. रविकांतला सांगितलं तर तो म्हणाला, चांगला छंद आहे. मला छंद नकोय, काका. मला कुणीतरी "ये, बस" म्हणायला हवंय. हे मी कुणाला लिहीत नाही.

स्मिता


अश्केलोन
११ एप्रिल १९९९

स्मिता,

आता अहो-जाहो सोडतो, म्हातारा आहे, चालेल.

पेसाहच्या रात्री दोवच्या घरी जेवलो. हिला आली नाही. फोन आला, "बेसेदेर, सबा, अभ्यास आहे." त्याबद्दल पुढे लिहितो. आधी तुझा कागद.

x² cos x ला दहापैकी नऊ. उणे चिन्ह दुरुस्त केले आहे. पण पोरी, हिला उणे चिन्ह विसरत नाही. तिची चूक तशी नसते, मागे लिहिले होते. मुलांच्या चुका त्यांच्या चेहऱ्यासारख्या असतात, मी चाळीस-चाळीसच्या वर्गात नाव नसलेले पेपर वाटले आहेत. उणे चिन्ह विसरणारी मुले मला पुण्या-मुंबईत पुष्कळ भेटली. ही त्यांना शिकवणाऱ्या कुणीतरी मुद्दाम करून ठेवलेली चूक आहे.

आणि log x. तिचा हट्ट मी तुला सांगितला नव्हता, तो हाच. सोळा वर्षांची असल्यापासून ती या गणितावरून माझ्याशी भांडते. मी म्हणायचो, शेजारी एक मान. ती म्हणायची, "सबा, तिथे एकटा log x आहे. हा एक तू आणलास कुठून? ही लबाडी आहे." मी म्हणायचो, एकाने गुणले तर काही बदलत नाही. ती म्हणायची, काही बदलत नाही तर मग कशाला हवा? एकदा तिने कागद फाडून रिबेकाच्या डाळीत टाकला. तीच हिला तो एक निमूटपणे मान्य करील, आणि तू सांगताच तिच्या लक्षात येईल? फेब्रुवारीतच मला कळले की हा कागद तिचा नाही.

कुठे गेली ते मात्र कळत नव्हते. मार्चमध्ये एका शुक्रवारी तिचा फोन आला. "हैफात पाऊस आहे, सबा." आणि तिच्या मागे भोंग्यातून एक बाई म्हणाली, रेवदंड्याकडे जाणारी गाडी फलाटाला लागली आहे. मराठीत, आपल्या एस. टी.च्या बाईच्या आवाजात. अलिबागजवळच्या थळला माझे बालपण गेले, तिथून रेवदंडा किती लांब ते तुला काय सांगू. तीस वर्षांत मी ते नाव कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. माझी नात माझ्या अलिबागच्या स्टँडवर उभी राहून मला सांगत होती की हैफात पाऊस आहे. मी म्हटले, स्वेटर घाल.

मग फोन ठेवून खुर्चीत बसलो आणि रडलो. रागाने नाही. मी तिला तिथे जा असे कधी म्हटले नव्हते. ती आपली आपण गेली.

तू म्हणशील, कळले होते तर बोललो का नाही? बोललो असतो तर तिला खोटे कबूल करावे लागले असते आणि ती फोन करायची थांबली असती. तुला शरम वाटली असती आणि तू लिहायची थांबली असतीस. दोघी एकदम गेल्या असत्या. या घरात सकाळी पोष्टाच्या पेटीचे झाकण वाजते, तेवढाच आवाज आहे. म्हणून मी गणिते पाठवीत राहिलो.

आता मात्र बोलतो, कारण तू शेवटी "ये, बस" लिहिलेस. एवढे वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

मी नवस बदलला आहे. ती तिथून सुखरूप परत आली की मलिदा करीन. प्रवेशाचे नाव काढणार नाही. तू यायचे. ये, बस, जेव.

मोर्देखाय


हैफा
२२ एप्रिल १९९९

ती. काका,

तुमचं पत्र हातात घेऊन मी दिवसभर घरात नुसती फिरत होते. काय लिहू? मी तुम्हाला फसवलं, आणि तुम्ही मला फसवू दिलंत. हिलाने पेसाहपर्यंत थांब म्हटलं होतं, ती सबब मी फार सोयीने वापरली. शरम वाटते, पण त्याहून जास्त हलकं वाटतंय.

ती अलिबागला गेल्याचं मलाही माहीत नव्हतं. मला शेवटचं कार्ड हिमाचलातून आलं होतं, त्यात फक्त बर्फ होता.

एक वाईट बातमी आहे. रविकांतचं इथलं काम जूनअखेर संपतंय. आम्ही पुण्याला परत जातोय. जहाजं बघत वर्ष काढलं आणि आता जायची वेळ आली तर मला मलिद्याची काळजी लागली आहे. हिला तोवर आली नाही तर माझं ताट दोवकाकांना द्या.

स्मिता


पुणे
१८ जुलै १९९९

ती. काका, सा. न.

आम्ही पोचलो. घर भरलेलं आहे. सासूबाई, दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं. सगळे मराठी बोलतात, सगळे एकदम बोलतात. पहिले दोन दिवस मी नुसती ऐकत होते. सगळ्यांनी इस्राएलबद्दल विचारलं, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. कॉलेजात माझी जागा भरली आहे, जूनमध्येच. दुपारी मी खिडकीशी उभी होते, तर माझी ताई ईशानी आली आणि म्हणाली, काय गं, परत आलीस तरी तिथेच का?

मला हिलाचा तो कागद आठवला. पानभर गणित करून x² sin x.

ती आली का? कळवा. मलिदा झाला का?

स्मिता


अश्केलोन
८ ऑगस्ट १९९९

स्मिता, आशीर्वाद.

आली. जुलैच्या शेवटी, न सांगता. दार उघडले तर रापलेली, बारीक, केस कापलेले. मी म्हटले, बस. म्हटले, जेव. ती उभीच. मग तिने पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि हिब्रूत सांगायला लागली, मेखिना, भारत, खोटे फोन, सगळे एका दमात. मी मध्ये बोललो नाही. रिबेका बघत असती तर म्हणाली असती, एकदाचे शिकलात.

मग तिने थळचे सांगितले. विहिरीजवळच्या एका म्हाताऱ्या बाईला तिने माझ्या बापाचे नाव सांगितले, हासाजी तेली. आमचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणत. त्या बाईला घाणा आठवत होता. तिने हिलाला ओट्यावर बसवले आणि भाजी-भाकर दिली. हिला म्हणाली, "सबा, मला तिचे सगळे शब्द येत होते. बस, जेव, भाजी खा."

मलिदा केला. सिनेगॉगमध्ये मीच उभा राहून सांगितले, नात इंजिनिअर होणार नाही. दोव म्हणाला, मग मलिदा कशाचा? म्हटले, आली त्याचा. पोहे सगळे संपले. तुझे ताट वेगळे काढून ठेवले होते, ते हिलाने खाल्ले.

ताटे धुऊन झाल्यावर तिने टेबलावर तुझे कागद बघितले. कोपऱ्यात आपले नाव बघून चमकली. log x चा कागद वाचला आणि म्हणाली, "तुझा तो एक गपचूप मान्य करणारी ही कोण?" मी सांगितले. मग म्हणाली, "तिने माझ्या जागी तुला पत्रे लिहिली?" मी म्हटले, तुझ्या जागी नाही. तिच्या स्वतःच्या. ते तिला पटले असावे, कारण वाद घातला नाही. हट्ट मात्र सोडला नाही. अजून म्हणते, ती लबाडी आहे.

ती सोमवारी गेली. नेतिवोतला बालवाडीत काम धरले आहे. एकाआड एक शब्बाथला येईन म्हणते. येईल तेव्हा येईल. शुक्रवारी फोन आला, आता मागे पोरांचा कालवा होता आणि तो खरा होता. फोन ठेवला की घर पूर्वीसारखेच होते, ते तुला सांगायला नको.

खिडकीपाशी उभी राहू नकोस फार. कॉलेजातली जागा पुन्हा निघेल. तोवर तुझ्यासाठी एक गणित पाठवतो आहे. या वेळी अक्षर तुझे काढ, कोपऱ्यात नाव तुझे घाल, आणि चूक झालीच तर तीही तुझीच असू दे, मला ती ओळखायची आहे. उत्तर यायला पंधरा दिवस लागतील, तेवढा मी थांबेन.

log x चा वर्ग. संकलन कर. त्यात शेजारचा एक दोनदा मानावा लागतो.

मोर्देखाय